रांगेतली तिसरी जागा

बेत आखण्यात फौजी माणसाचा हात कुणी धरणार नाही, आणि आखलेला बेत पुढं ढकलण्यातही नाही. हे मी ऐकून सांगत नाही. लढाई संपल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात सांगलीतल्या आमच्या गॅरेजच्या मागच्या अंगणात तीन माणसं दर रविवारी जमायची आणि एकाच दिवसाच्या प्रवासाचा बेत करायची. चहा व्हायचा, बिड्या व्हायच्या, खडूनं फरशीवर रस्ता काढला जायचा, आणि संध्याकाळी तिघंही आपापल्या गावी परत जायचे. पुढच्या रविवारी फरशी पुसून पुन्हा पहिल्यापासून.

मी त्या गॅरेजात मिस्त्री होतो. लष्करानं लिलावात काढलेल्या जुन्या फटफट्या तेव्हा आमच्याकडं दुरुस्तीला यायच्या. रंग उडालेला, सीट फाटलेली, कुठं कुठं टाकीला छर्रा लागून ठिगळ मारलेलं. या तिघांनी अशाच तीन आणल्या होत्या. चौथी आमच्या मालकानं घेतली होती आणि ती माझ्या हाताखाली असायची. मी स्वतः लढाई पाहिली ती फक्त वर्तमानपत्रात, त्यामुळं या लोकांच्या गप्पांत माझं काम प्लग साफ करत हुं हुं म्हणायचं.

तिघांत मोठे नाईक. तो त्यांचा हुद्दा, पण कुंडल गावातसुद्धा पुढं तेच नाव पडलं. दुसरा मिरजेचा, वडिलांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान, घरात पाच वेळची नमाज, आणि हा एक नंबरचा थट्टेखोर. त्याला आम्ही मिरजवाला म्हणायचो. तिसरा तासगावकडचा, उंच आणि अबोल, तो लंबू. तिघंही इटलीत फटफटीवरून निरोप पोचवायच्या कामावर होते. रात्री दिवा न लावता डोंगरातल्या रस्त्यानं एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर कागद न्यायचे. सोबत चौथा होता, जावळीतला. मेढ्याच्या वर, केळघरच्या घाटासमोर त्याची वाडी. तो तिकडंच राहिला.

बेत मुळात त्याचा होता. लहानपणी तो पाचगणीला एका बोर्डिंगच्या शाळेत पाणी भरायला होता. साहेबांच्या पोरांच्या आंघोळीचं पाणी खांद्यावरून वाहिलेलं तो कधी विसरला नाही. लढाई संपली की चौघांनी फटफट्या घ्यायच्या, भल्या पहाटे सांगली सोडायची, कराड, सातारा, वाई करत पसरणीचा घाट चढायचा आणि पाचगणीच्या बाजारातून भोंगा वाजवत त्या शाळेसमोरून जायचं. तिथून महाबळेश्वर, मग केळघरचा घाट उतरून त्याच्या आईच्या हातचं जेवण, आणि रात्रीपर्यंत परत. इटलीतल्या चिखलात बसून त्यांनी हा रस्ता काठीनं इतक्या वेळा काढला होता की वाईत चहा घ्यायचा की पाचगणीत, यावरून एकदा लंबूसुद्धा भांडला म्हणे.

"तिकडं दुसरं करायचं काय?" मिरजवाला म्हणायचा. "पाऊस, चिखल आणि बेत."

परत येऊन नाईकांना वर्ष होऊन गेलं होतं. मेढ्याची वाट काही परदेशाची नाही, पण एवढ्या काळात यातला एकही त्या वाडीकडं फिरकला नव्हता. मी एकदा विचारलं तर नाईक म्हणाले, "जायाचं त्ये फटफटीवरनं जायाचं. त्याच्या बेतापरमानं. असं सर्विस मोटारीला लोंबकळत जायाचं काय?" तेव्हा मला ते पटलं. फटफट्यांना पेट्रोल मिळत नव्हतं, रेशनची कूपनं कुठून कुठून जमवावी लागत, टायर तर सोन्याच्या भावानं. कारणांना तोटा नव्हता. कारण असलं की माणसाला बरं वाटतं.

मग एका रविवारी एक धोतरातला तरुण अंगणात येऊन उभा राहिला. हा त्या चौथ्याचा मेव्हणा, बायकोचा भाऊ. वाईकडचा. कुंडलला जाऊन, तिथून पत्ता काढत आला होता. त्याला पाणी दिलं, चहा दिला. त्यानं चहाला हात लावला नाही.

"सरकारचा कागूद आला, बेपत्ता म्हणून," तो नाईकांना म्हणाला. "मागनं दुसरा आला, मेला असं धरलंय म्हणून. म्हातारी म्हणती, धरलंय म्हंजे कुणी बगितलं न्हाई. माज्या भनीला कुक्कू पुसू देत न्हाई. म्हायारी बी धाडत न्हाई. म्हणती, त्यो आला आन् बायकू घरात न्हाई तर त्याला काय सांगू? पोरगी ईस वर्साची न्हाई अजून, आवं. तिचा पाट लावायचा तर तोंड कुठं उघडू मी?"

नाईक फरशीकडं बघत होते.

"तुमी डोळ्यानं बगितलंय असं कुंडलात कळलं. एकदा येऊन म्हातारीला सांगा. दुसऱ्या कुणाचं ती ऐकायची न्हाई."

कागदावर बेपत्ता का आलं ते मला त्या दिवशी कळलं. एका रात्री निरोप घेऊन जाताना त्याच्या फटफटीखाली सुरुंग फुटला. बरोबरच्या या तिघांनी त्याला रस्त्याच्या कडेला पुरला. ज्या साहेबाला नाईकांनी जाऊन सांगितलं, तो साहेबच पुढच्या माऱ्यात गेला. मग पलटण हलली, आणि कागद कुणीतरी तिसऱ्यानंच केला. नाईकांना हे सगळं ठाऊक होतं आणि वर्ष उलटलं तरी ते पाचगणीच्या चहाच्या गप्पा मारत बसले होते. मला त्यांचा भयंकर राग आला. मेव्हणा गेल्यावर मी पाना आपटला तो जरा जोरातच आपटला.

त्या दिवसापासून मात्र बेत खरा झाला. आता चार फटफट्या जाणार होत्या. डोंगरात काही मोडलं तर मिस्त्री हवा म्हणून मालकाची घेऊन मी निघायचं ठरलं. मालकाला मी घाटात गाडी तपासायची आहे असं सांगितलं, ते अगदीच खोटं नव्हतं.

फौजी माणूस बेत कसा करतो ते तेव्हा पाहिलं. पेट्रोलचे डबे कोण नेणार, ट्यूब कोण, दोर कोण. कुठं थांबायचं, कुणाची चेन तुटली तर दुसऱ्यानं काय करायचं. रस्ता फुटेल तिथं पुढच्यानं मागचा दिसेपर्यंत उभं राहायचं आणि मगच निघायचं. विश्रामबागेच्या उघड्या माळावर नाईकांनी मला दोन रविवार घोळवला. उतारावर ब्रेकवर नको, गिअरवर उतर, असं सांगत ते शेजारून पळायचे आणि मी चुकलो की आई-बहिणीचा उद्धार करायचे. मी आयुष्यात इतक्या शिव्या बापाच्या खाल्ल्या नव्हत्या.

भांडण झालं ते कपड्यांवरून. लंबूनं, एरवी महिन्याकाठी चार शब्द बोलणाऱ्यानं, सुचवलं की साध्या कपड्यांत जाऊ. त्याचं कारण सरळ होतं. बेचाळीसपासून आमच्या भागात पोलिसांनी गावंच्या गावं झोडपली होती. खाकी दिसली की बायका दारं लावून घेत. खुद्द नाईक पलटणीतून घरी आले त्या दिवशी कुंडलमध्ये शेजारच्या पोरानं त्यांच्या ट्रंकेवर धोंडा मारला होता.

पण नाईक ऐकेनात. "मयताचा सांगावा घिऊन जायाचं म्हंजे पुऱ्या कापडात जायाचं. त्यो काय धोतर नेसून मेला न्हाई."

तसंच ठरलं. मलासुद्धा त्यांनी एक खाकी कोट आणून दिला, आणि धुळीसाठी गॉगल, आणि डोक्याला गुंडाळायला मफलर. पाचगणीला थंडी मरणाची असते, त्यामुळं मी कुरकुर केली नाही.

राहिला प्रश्न रांगेचा. पूर्वी नाईक पुढं, मग लंबू, तिसरा तो जावळीचा आणि शेवटी मिरजवाला, अशी यांची ओळ असायची. मिरजवाल्याचं म्हणणं, तिसरी जागा मोकळी सोडू. मिस्त्री सगळ्यांच्या मागून येईल. मला ते आवडलं होतं. नाईकांनी मान हलवली. कच्चा माणूस मधे घालायचा, पुढं जाणता आणि मागं जाणता, हा त्यांचा नेम. शिवाय घाटात रांगेत फट ठेवली की तिथं बैलगाडी शिरते, मोटार शिरते, आणि मागचा तुटतो. रांगेत फट सोडायची नाही हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. माणूस पडला तर जागा भरायची.

"मिस्त्री तिसरा," ते म्हणाले, आणि ठरलं.

निघायच्या आदल्या रविवारी सगळं झाल्यावर मी हात पुसत विचारलं, "नाईक, पण तिथं गेल्यावर सांगणार कोण?"

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. इतके रविवार फरशीवर खडू चालला होता आणि हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. किंवा तिघांच्याही आलं होतं.

"त्ये बगू तितं गेल्यावर," नाईक म्हणाले.

आम्ही निघालो ते अंधारातच. कराडपर्यंत हात इतके गारठले होते की क्लच सोडला की धरला ते कळत नव्हतं. साताऱ्यात चहा घेतला. दुकानदारानं खाकीकडं बघून पेले लांबून पुढं सरकवले. वाईच्या पुढं पसरणीचा घाट लागला आणि खरं सांगतो, थोडा वेळ मी कशासाठी निघालोय ते विसरलो. वळणावर वळण, खाली कृष्णेचं पात्र, चार यंत्रांचा एकच आवाज डोंगरावर आपटून परत येतोय. पुढं लंबूची ताठ पाठ, मागं मिरजवाला. मला वाटलं, हे असंच चालू राहावं. असं वाटल्याची नंतर लाज वाटली.

पाचगणीच्या बाजारात नाईकांनी वेग कमी केला. भोंगा वाजवायचा ठरलं होतं, तो कुणीच वाजवला नाही. त्या शाळेचं फाटक आलं. मुलं आत कवायत करत होती. फाटकाशी पाण्याची पखाल वाहणारा रेडा बांधलेला होता. आम्ही चौघं मुकाट्यानं समोरून गेलो आणि बाजार मागं पडला. चहाला थांबलो नाही. वाईतही नाही, पाचगणीतही नाही, म्हणजे ते भांडण तसंच राहिलं.

महाबळेश्वर ओलांडून केळघरचा घाट उतरायला लागलो तेव्हा दुपार झाली होती. त्या घाटाची एक गोष्ट आमच्यापैकी ज्यांना ठाऊक असायला हवी होती त्यांनी ती लक्षात घेतली नाही. दरीच्या पलीकडच्या सोंडेवर ती वाडी आहे. तिथल्या ओट्यावर बसलं की घाट वरपासून खालपर्यंत समोर दिसतो. रस्ता वळणाआड जातो आणि पुन्हा उघड्यावर येतो. रस्त्यावर चालणारं जनावरसुद्धा मोजून घ्यावं. हे तिघं पूर्वी एकदा, बोटीवर चढायच्या आधीच्या रजेत, त्याच्याबरोबर त्या ओट्यावर जेवले होते. तेव्हाच त्यानं आईला समोरचा रस्ता दाखवून सांगितलं होतं की लढाई झाली की आम्ही चौघं इथून येणार. हे मला नाईकांनी परतीच्या वाटेवर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी त्या रांगेत पायही ठेवला नसता.

वाडीच्या पायथ्याशी फटफट्या लावून आम्ही बांधावरून चढलो. वर घरासमोर म्हातारी उभी होती. लहानखुरी, काटक. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं आणि मग त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. तिच्या मागं दारात सून उभी होती, कपाळाला कुंकू लावलेली. तिच्या भावानं तिला आम्ही कशाला येतोय ते सांगून ठेवलं होतं. म्हातारीला सांगितलं नव्हतं, की आधीच कळलं तर ती रानात निघून जाईल.

वर चढतानासुद्धा आम्ही आपल्या त्याच क्रमानं होतो. म्हातारीनं नाईकांवरून तुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं. लंबूवरून ओवाळला. मग माझ्यासमोर आली आणि थांबली.

माझ्या डोक्याला मफलर, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर घाटाची लाल धूळ. मी गॉगल काढायला हवा होता. तो डोळ्यांवरच राहिला. तिनं ओवाळलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग पाणी घालायला वाकली आणि माझ्या बुटावर हात ठेवून तशीच राहिली.

"मी वरनं मोजलं," ती खालूनच म्हणाली. "चार. पोरीला म्हणलं, बग, चार हायती. ती म्हणती नीट बगा. मी चारदा मोजलं."

मी नाईकांकडं पाहिलं. सुरुंगाच्या रस्त्यावरून दिवा न लावता जाणारा माणूस. त्यांचा जबडा हलत होता आणि आवाज येत नव्हता. लंबू आभाळाकडं बघत होता. कुणीतरी बोला रे, असं मला ओरडावंसं वाटलं.

सून दारातून पुढं आली. तिनं सासूला दंडाला धरून उभं केलं.

"आत्या, हे त्ये न्हाईत," ती म्हणाली. मग नाईकांकडं वळली. "आता सांगा. त्याच्यासाठीच आलायसा न्हवं?"

तेव्हा मी गॉगल काढला. म्हातारीनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. फार वेळ नाही. तांब्या तिच्या हातातच होता, तो तिनं नीट ओट्यावर ठेवला.

बोलला अखेर मिरजवाला. मागून पुढं आला, मातीत बसला आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "आई, त्यो गेला. आमी बगितला. आमच्या हातानं मातीत ठिवला."

"अग्नी?"

"न्हाई, आई. रातचा जाळ करायची बंदी हुती. जाळ दिसला की तोफा पडायच्या."

म्हातारी ओट्याच्या कडेला टेकली. वाडीतले दोनचार लोक कुंपणापाशी येऊन उभे राहिले होते, खाकी बघून जवळ येत नव्हते.

"थंडी हुती?" तिनं विचारलं.

"बर्फ हुतं."

"मंग आंगावर काय घातलं त्याच्या?"

"कांबळं घातलं, आई. माजं. चौपदरी करून घातलं."

तिनं मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिली. मिरजवाला तिच्या पायाशी रडत होता, त्याच्या पाठीवर तिनं हात ठेवला, पण बघत होती ती समोर घाटाकडं. मग सुनेला म्हणाली, "जा पोरी. तू जा आता. भाऊ न्यायला आला की जा." सून आत गेली. थोड्या वेळानं आतून बांगड्या फुटल्याचा आवाज आला. रडण्याचा आला नाही.

आमच्यासाठी रांधलेलं होतं. आम्ही दूरवरून दिसल्यावर तिनं कोंबडी कापायला लावली होती. सुतकाच्या घरात ते कोण खाणार? आम्ही पाणी प्यालो आणि उठलो. नाईकांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि तेव्हा त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "आई, चुकलो." 

बांधापर्यंत ती आमच्या मागून आली. मेढ्याकडं जाणारा रस्ताही तिथून पार खालपर्यंत दिसतो. आम्ही फटफट्यांकडं उतरायला लागलो तशी तिनं नाईकांना हाक मारली.

"जाताना समदी एकदम जाऊ नका," ती म्हणाली. "येक येक जावा. न्हाईतर मी पुन्यांदा मोजत बसीन."

पहिले नाईक गेले. त्यांचा आवाज दरीत पुरता विरेपर्यंत आम्ही तिघं खाली उभे होतो. मग लंबू. मग मिरजवाला म्हणाला, तू हो पुढं, मी मागनं येतो. मी फटफटी चालू केली आणि एकटा निघालो. मेढ्यापर्यंत मी मागं वळून पाहिलं नाही, आणि ती बांधावरून माझ्याकडं बघत होती की नाही, हे मला आजही माहीत नाही.